‘व्होर्रेई’ आणि ‘हवा होता’ : हॉटेलातल्या ऑर्डरवर संशोधन कसं करता येईल?

इटालियन शिकवणाऱ्या बहुतेक पुस्तकांत सुरुवातीच्या धड्यांमध्ये एक धडा हॉटेलातला असतो. त्यात एक वाक्य हमखास भेटतं : ‘व्होर्रेई उन काफ्फे, पेर फाव्होरे.’ इंग्रजीच्या वाटेने ते मराठीत आणलं तर हाती येतं, ‘मला एक कॉफी आवडेल, कृपया.’ इटालियन वाक्य एकदम बरोबर आहे. पण हे मराठी वाक्य तुम्ही कुठल्या हॉटेलात ऐकलंय का? आपण म्हणतो, ‘दादा, एक कॉफी द्या’, ‘मावशी, दोन चहा’, नाहीतर ‘एक मिसळ, तिखट कमी’. यात ‘कृपया’ नाही आणि ‘आवडेल’ही नाही.

मग ‘मराठी माणसाला सभ्यपणे मागता येत नाही, तो तोडून बोलतो’ असा निष्कर्ष काढायचा का? असा निष्कर्ष बरेच जण काढतात, आणि त्यात मराठी माणसंही असतात. माझ्या मते तो चुकीचा आहे. तो चुकीचा कसा, हे दाखवता दाखवता संशोधनाचा प्रश्न कसा तयार होतो तेही या लेखात बघू. भाषाविज्ञान तुमचा विषय नसला तरी चालेल. लागणारं सगळं साहित्य तुमच्या रोजच्या बोलण्यातच आहे.

आधी प्रश्न नीट करू

‘मराठी लोक इटालियन लोकांपेक्षा कमी सभ्य असतात का?’ हा संशोधनाचा प्रश्न होऊ शकत नाही. सभ्यता मोजायची कशाने? ‘कृपया’ किती वेळा आलं ते मोजून? तसं केलं तर आपण आधीच ठरवून टाकलंय की सभ्यता एका शब्दात राहते. मग उत्तर काय येणार तेही ठरलेलंच.

मराठीत ‘कृपया’ प्रामुख्याने पाट्यांवर, सूचनांमध्ये आणि अर्जांत असतं. ‘कृपया चपला बाहेर काढाव्यात’ इथे ते शोभतं, जेवणाच्या टेबलावर नाही. शहरात ‘प्लीज’ ऐकू येतं, पण त्यालाही मराठीत स्वतःचा रंग चढलाय. ‘प्लीज ना, दे ना’ यात सभ्यतेपेक्षा आर्जव जास्त आहे. शब्द तोच, काम वेगळं.

म्हणून प्रश्न असा बदलू : समोरच्याला काही मागताना मागणीची धार कमी करायला प्रत्येक भाषा कोणती साधनं वापरते, आणि कधी? आता शब्द मोजायची घाई नाही. आधी साधनं शोधायची आहेत.

इटालियन काय करतं?

‘व्होर्रेई’ हे ‘इच्छिणे’ या क्रियापदाचं एक रूप आहे. साधं वर्तमान ‘व्होल्यो’, म्हणजे ‘मला हवंय’. हॉटेलात ‘व्होल्यो उन काफ्फे’ म्हटलं तर कॉफी मिळेल, पण हट्टी मुलाने मागितल्यासारखं वाटेल. ‘व्होर्रेई’ हे संकेतार्थी रूप आहे. ‘जमलं तर, मला हवंसं आहे’ अशी त्याची छटा. म्हणजे धार कमी करायचं काम क्रियापदाच्या रूपानेच केलंय. ‘पेर फाव्होरे’ हा वरून शिंपडलेला शब्द आहे, आणि तो गाळला तरी वाक्य सभ्यच राहतं.

पण इटालियन माणूस दर वेळी ‘व्होर्रेई’ म्हणतो असंही नाही. आणखी काही रूपं बघा :

- ‘पेर मे उना मार्गेरीता’ : शब्दशः ‘माझ्यासाठी एक मार्गेरीता’. टेबलावर तीन-चार जण असताना आपली पाळी आली की हे अगदी साधं वाक्य.
- ‘प्रेन्दो उन काफ्फे’ : ‘मी कॉफी घेतो.’
- ‘मी पोर्ता उन काफ्फे?’ : ‘मला एक कॉफी आणता का?’ (इथल्या ‘मी’चा अर्थ ‘मला’ आहे. मराठी कानाला पहिल्यांदा गंमत वाटते.)
- ‘मी प्वो पोर्तारे इल कोन्तो?’ : ‘बिल आणू शकता का?’
- ‘व्होलेव्हो उन काफ्फे’ : शब्दशः ‘मला एक कॉफी हवी होती’.

शेवटच्या रूपाकडे नीट बघा. कॉफी आत्ता हवी आहे, पण क्रियापद भूतकाळात आहे. इटालियन व्याकरणात याला नावच आहे : ‘इम्पेर्फेत्तो दि कोर्तेझिया’, म्हणजे सौजन्याचा अपूर्ण भूतकाळ.

आणि मराठी?

आता वरची यादी मराठीशी ताडून बघू. ‘पेर मे’ म्हणजे आपलं ‘मला एक मिसळ’. क्रियापद गायब आणि तरी काही बिघडत नाही. ‘प्रेन्दो’ म्हणजे आपलं ‘मी चहा घेतो’. ‘मी पोर्ता?’ म्हणजे ‘आणता का?’ आणि ‘व्होलेव्हो’ म्हणजे थेट आपलं ‘हवा होता’.

‘दादा, एक चहा हवा होता.’ ‘जरा पाणी हवं होतं.’ ‘दुकानात आलो होतो, एक पंचा पाहिजे होता.’ हे आपण दिवसभर बोलतो. चहा काल हवा होता आणि आज नको, असा अर्थ कुणीही काढत नाही. वर्तमानातली गरज एक पाऊल मागे, भूतकाळात नेऊन ठेवली की ती अंगावर येत नाही. ‘मला हवा होता, पण नसला तरी चालेल’ अशी पळवाट समोरच्याला मोकळी राहते.

पुणे आणि मिलान यांच्यामध्ये हजारो मैल, आणि तरी दोन्ही भाषा इथे एकच युक्ती करतात. सुझान फ्लाइशमन यांचा 1989 चा एक लेख याच विषयावर आहे. काळातलं अंतर हे माणसामाणसांतल्या अंतरासाठी, सौम्यपणासाठी कसं वापरलं जातं, हे त्यांनी त्यात मांडलंय. म्हणजे ‘व्होर्रेई’चं मराठी शोधायचं असेल तर ‘आवडेल’कडे जायची गरजच नाही. ‘हवा होता’ घरातच होतं.

मराठीची इतर साधनंही मोजून ठेवू :

- आदरार्थी रूप : ‘दे’ आणि ‘द्या’. एका अक्षराचा फरक, पण सगळं नातं त्यात आहे.
- प्रश्न : ‘देता का?’, ‘द्याल का?’
- कर्ता काढून टाकणं : ‘एक भाकरी मिळेल का?’ इथे भाकरी देणारं माणूस वाक्यातच नाही. नाही म्हणायची वेळ आली तर ‘भाकरी नाही’ म्हणता येतं, ‘मी देत नाही’ असं म्हणावं लागत नाही.
- छोटे शब्द : जरा, थोडं, एखादा, ना. ‘जरा पाणी द्या’ यात ‘जरा’ पाण्याचं माप सांगत नाही, मागणीचं वजन कमी करतं. इटालियनमध्ये असंच काम लघुत्वदर्शक प्रत्यय करतात. ड्रेसलर आणि मेर्लिनी बार्बारेझी यांनी 1994 च्या पुस्तकात त्यांचा खोल अभ्यास केलाय.
- नात्याचे शब्द : दादा, मामा, काका, मावशी, ताई. इटालियन माणूस ‘स्कूझी’ म्हणजे ‘माफ करा’ म्हणून लक्ष वेधतो. आपण नातं जोडून लक्ष वेधतो.

एक जागा मात्र निसरडी आहे. ‘मी प्वो पोर्तारे’, म्हणजे ‘आणू शकता का’, हे इटालियनमध्ये सहज आहे. मराठीत ‘तुम्ही मला पाणी देऊ शकता का?’ म्हटलं की भाषांतराचा वास येतो. वाढणारा मनात म्हणेल, ‘शकतो की! हात आहेत मला.’ मराठीत ती जागा ‘देता का?’ने घेतलीय. तत्त्वज्ञ जॉन सर्ल यांनी 1975 मध्ये अशा आडवळणी मागण्यांवर लिहिलं. क्षमतेबद्दलचा प्रश्न विनंती म्हणून चालून जातो हे खरं, पण नेमकं कुठलं वाक्य चालून जाईल हे त्या त्या भाषेच्या रिवाजावर ठरतं.

सिद्धांत कशाला लागतो?

यादी झाली, पण यादी म्हणजे संशोधन नव्हे. कोण, कधी, कुठलं साधन निवडतो हे समजून घ्यायला सिद्धांत लागतो. या क्षेत्रात सगळ्यांत जास्त उल्लेख होतो तो पेनेलोपी ब्राउन आणि स्टीफन लेव्हिन्सन यांचा. त्यांचं काम 1978 मध्ये आलं आणि 1987 मध्ये पुस्तकरूपात निघालं. इंग्रजी, मेक्सिकोतली त्सेल्ताल आणि आपल्या शेजारची तमिळ या तीन भाषा त्यांनी समोर ठेवल्या होत्या.

त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : प्रत्येक माणसाला एक सामाजिक मान असतो. मागणी केली की त्या मानाला धक्का लागायचा धोका असतो. धोका किती हे तीन गोष्टींवर ठरतं : दोघांतला दुरावा, दोघांतली सत्ता आणि मागणीचं वजन. धोका जितका मोठा, तितकी जास्त साधनं.

हे हॉटेलात लावून बघा. चहा देणं हे तिथलं कामच आहे. मागणीचं वजन जवळजवळ शून्य. म्हणून ‘दोन चहा द्या’ पुरतं, त्यात काही उद्धटपणा नाही. आता मागणी कामाच्या बाहेर न्या : ‘मावशी, बाळासाठी एवढं दूध जरा गरम करून मिळेल का?’ लगेच नात्याचा शब्द, ‘एवढं’, ‘जरा’, ‘मिळेल का’ असं सगळं एका वाक्यात गोळा झालं. कुणी शिकवलं नव्हतं. तोडून बोलणारा म्हणून ज्याला नाव ठेवलं, तोच माणूस पुढच्या मिनिटाला हे वाक्य बोलतो. ‘कृपया’ मोजणाऱ्याला मात्र दोन्ही वाक्यं सारखीच दिसली असती : शून्य आणि शून्य.

पण सिद्धांतही तपासून घ्यायचा असतो. जपानी अभ्यासक साचिको इदे यांनी 1989 मध्ये आक्षेप घेतला की, काही भाषांत आदराची रूपं ही बोलणाऱ्याने हिशेब करून निवडलेली युक्ती नसते, ती जागा ओळखून वागण्याची सक्ती असते. मराठीचंही बघा. ‘तू’, ‘तुम्ही’, ‘आपण’ यांपैकी एक निवडल्याशिवाय क्रियापदच पूर्ण होत नाही. शिवाय आपल्याकडे स्वतःचे शब्द आहेत : मान, संकोच आणि विशेषतः भीड. ‘भीड पडते’, ‘भीड घालतो’, ‘भीड मोडवत नाही’. मागणारा आणि देणारा दोघंही भिडेत सापडतात. बाहेरून आलेली संज्ञा जशीच्या तशी चिकटवण्याआधी भाषेतला हा शब्द काय सांगतो ते विचारलं, तर तुमचा प्रबंध नुसतं उदाहरण न राहता सिद्धांताला काही परत देऊ शकेल.

आडवळणाने बोललं की सभ्य?

इथे अनेक नवे अभ्यासक अडखळतात. ‘थेट बोलणं उद्धट, आडवळणाने बोलणं सभ्य, म्हणजे जितकं आडवळण तितकी सभ्यता’ असं गृहीत धरलं जातं. शोशाना ब्लुम-कुल्का यांनी हे तपासून पाहिलं. त्यांचा 1987 चा लेख हिब्रू आणि इंग्रजी भाषिकांवर आहे. सगळ्यांत आडवळणी वाक्यं, म्हणजे नुसत्या सूचक बोलण्याची, सगळ्यांत सभ्य ठरली नाहीत. रिवाजाने रुळलेली प्रश्नार्थक वाक्यं त्यांच्या पुढे गेली.

मराठीत हे कळायला प्रयोगशाळा नको. ‘आज पाणी मिळणार नाही वाटतं इथे!’ हे वाक्य अत्यंत आडवळणी आहे. पाण्याची मागणी त्यात कुठेच नाही. पण ती विनंती नाही, तो टोमणा आहे. ‘दादा, पाणी द्या’ हे थेट वाक्य त्याच्यापेक्षा कितीतरी सभ्य. मराठीत सूचक बोलण्याची वाट टोमण्याच्या दारावरून जाते, आणि ती कधी विनंती होते नि कधी टोमणा, यावर एक चांगला प्रबंध होऊ शकेल.

समजा, अभ्यास मालेत करायचा आहे

आता प्रत्यक्ष आखणी. पुण्याहून पौडमार्गे ताम्हिणीकडे निघालं की मुळशी धरणाजवळ माले लागतं. पावसाळ्यात शनिवार-रविवारी या रस्त्याने शहरातली गर्दी धबधबे बघायला जाते. भजी, चहा, पिठलं-भाकरी यांसाठी ती वाटेत थांबते. अशा ठिकाणी शहरी मराठी, मावळ-मुळशीची मराठी, हिंदी आणि इंग्रजी एकाच टेबलाभोवती येतात. एका बाजूला गाडीतून उतरलेलं गिऱ्हाईक, दुसऱ्या बाजूला गावातलं वाढणारं माणूस. दुरावा, सत्ता, वजन हे तिन्ही घटक इथे उघडे दिसतात.

सामग्री कशी गोळा करायची? तीन वाटा आहेत.

पहिली वाट प्रश्नावलीची. ब्लुम-कुल्का, हाउस आणि कास्पर यांच्या गटाने अनेक भाषांतल्या विनंत्या आणि माफीच्या बोलण्याची तुलना केली. त्यांचं पुस्तक 1989 चं. पद्धत अशी की प्रसंग लिहून द्यायचा आणि संवादातली एक जागा रिकामी ठेवायची. उदाहरणार्थ : *‘तुम्ही मालेतल्या एका हॉटेलात जेवताय. भाकरी संपली. वाढणाऱ्या मावशी शेजारच्या टेबलाशी आहेत. तुम्ही म्हणता : ____’* फायदा असा की शंभर जणांना एकच प्रसंग देता येतो, आणि तोच इटालियनमध्ये लिहून तुलनाही करता येते. तोटा असा की माणसं आपण काय म्हणतो ते लिहीत नाहीत, काय म्हणायला हवं ते लिहितात.

दुसरी वाट प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणाची. इटालियनसाठी तुल्लियो दे माउरो आणि सहकाऱ्यांनी मिलान, फ्लोरेन्स, रोम आणि नेपल्स या शहरांत बोली इटालियनचं मुद्रण करून सुमारे पाच लाख शब्दांचा संग्रह केला. तो 1993 मध्ये प्रसिद्ध झाला. खरं बोलणं असं मिळतं. पण मालेत मोबाइल टेबलाखाली ठेवून गुपचूप मुद्रण करायचं नाही. हॉटेलमालक, वाढणारे आणि गिऱ्हाईक या सगळ्यांची संमती हवी, आणि संस्थेच्या नैतिकता समितीची परवानगी आधी हवी. ‘सगळेच ऐकत असतात, त्यात काय’ हे उत्तर चालत नाही.

तिसरी वाट पारखण्याची. तयार वाक्यं ऐकवायची आणि ‘हे कसं वाटलं?’ विचारायचं. इथे एक काळजी घ्या : गिऱ्हाइकांना विचारलंत तसं वाढणाऱ्यांनाही विचारा. सभ्य कुणाला वाटलं, हा प्रश्न मागणाऱ्यापेक्षा ऐकणाऱ्याचा जास्त आहे.

सामग्री फोडायची कशी? त्याच गटाची पद्धत सोपी आहे. ‘मावशी, घाई नाही, पण एक भाकरी मिळेल का?’ यात ‘मावशी’ लक्ष वेधतं, ‘घाई नाही’ हा आधार आणि ‘एक भाकरी मिळेल का?’ हा गाभा. प्रत्येक वाक्य असं फोडलं की मराठी आणि इटालियन शेजारी ठेवता येतात. फक्त एकातून दुसरं भाषांतर करून तुलना करू नका. नाहीतर ‘मला कॉफी आवडेल’ पुन्हा दारात उभं राहील.

खरी बोचणारी जागा

या सगळ्यात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो ‘तू’चा प्रश्न. इटालियन ‘तू’ आणि मराठी ‘तू’ एकाच इंडो-युरोपीय मुळातून आलेत. इटालियनमध्ये अनोळखी मोठ्या माणसाला ‘लेई’ म्हणतात. शब्दशः ‘ती’, कारण ‘आपली प्रभुता’ अशा अर्थाच्या स्त्रीलिंगी पदवीला उद्देशून ते रूप रुजलं. 1938 मध्ये मुसोलिनीच्या राजवटीने ‘लेई’ काढून ‘व्होई’ वापरायची सक्ती केली. राजवट गेली, ‘लेई’ टिकलं. सर्वनामात राजकारण असतं याचा याहून ठळक पुरावा कुठला?

ब्राउन आणि गिलमन (हे ब्राउन म्हणजे रॉजर, वरच्या पेनेलोपी नव्हेत) यांनी 1960 मध्ये दाखवलं की, सर्वनाम एकतर्फी असतं तेव्हा ते सत्ता सांगतं. एक ‘तू’ म्हणतो आणि दुसऱ्याला ‘तुम्ही’ म्हणावं लागतं. आता हॉटेलातलं बोलणं आठवा. ‘ए, पाणी आण रे!’ हे कुणाला म्हटलं जातं? मालकाला नाही. फडका मारणाऱ्या पोराला म्हटलं जातं, आणि कधी कधी त्याच कामातल्या पन्नाशीच्या माणसालाही. तोच माणूस उत्तरात म्हणतो, ‘आणतो साहेब.’ वय, काम, कपडे, जात, शहर-गाव यांपैकी ‘तू’ कशामुळे येतं? हे अंदाजाने सांगायचं नाही, सामग्रीतून दाखवायचं. ‘कृपया’ किती वेळा आलं यापेक्षा ‘द्या’च्या जागी ‘दे’ कुणाच्या वाट्याला आलं, हे मोजण्यात जास्त अर्थ आहे.

तुमच्यासाठी

इटालियन शिकणारे विद्यार्थी आपल्याकडे आहेत. कुणी शिक्षणासाठी मिलानला जातं, कुणी बारामतीतल्या पिआज्जोसारख्या इटालियन कंपनीत काम करतं. त्यांच्यासाठी एवढंच : आत गेल्यावर ‘बोन जोर्नो’ म्हणा, ‘स्कूझी’ म्हणून लक्ष वेधा, ‘व्होर्रेई’ किंवा ‘पेर मे’ने मागा, शेवटी ‘ग्रात्सिए’. ‘व्होर्रेई’ अडलं की मनात ‘हवा होता’ म्हणा, वाट सापडेल.

आणि संशोधनाची तयारी करणाऱ्यांना एक गृहपाठ. पुढच्या वेळी हॉटेलात बसाल तेव्हा आजूबाजूचं मुद्रण करू नका; फक्त स्वतः केलेल्या मागण्या बाहेर आल्यावर वहीत लिहा. कुणाला काय म्हणालो, क्रियापदाचं रूप कुठलं, ‘जरा’ आलं का, ‘दे’ की ‘द्या’. दहा दिवसांनी वही उघडा आणि ओळींपुढे समोरच्याचं अंदाजे वय आणि काम लिहा. तिथे तुम्हाला एखादी विसंगती दिसेल. तिच्यावरून एक प्रश्न तयार करा, एकाच वाक्यात. तो प्रश्न घेऊन मार्गदर्शकांकडे जा.